लाली गेली तरी थेंब चालूच का? डायफ्लुप्रेडनेटबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं वय ३४, राहायला धायरीत. डाव्या डोळ्यात अँटिरिअर युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत, पुढच्या भागात सूज. सुरुवातीला प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का दर तासाला घालायला दिलं होतं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी ते थांबवून डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के दिलं. दोन आठवडे दिवसातून चारदा, मग एक आठवडा तीनदा, एक आठवडा दोनदा, एक आठवडा एकदा. आज नव्या औषधाचा सहावा दिवस. डोळा पांढरा झालाय, दुखायचं थांबलंय. मेडिकलवाले म्हणतात, "ताई, स्टिरॉइड आहे, बरं वाटतंय तर बंद करा." तुम्हाला चार गोष्टी विचारायच्या आहेत. तासाचं औषध एकदम चारवर आणलं म्हणजे उपचार कमी केला का? आता बंद केलं तर? आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली याच औषधाची अर्धी बाटली घरात आहे, ती चालेल का? आणि डोळ्याचा दाब वाढतो म्हणतात, ते खरं का?

आधी सरळ उत्तर. बंद करू नका. आईची बाटली वापरू नका. उपचार कमी झालेला नाही, उलट वाढलाय. दाब वाढू शकतो हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच दिलेल्या तारखेला दाब मोजायला गेलंच पाहिजे. या आजारात दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत आणि दोन्ही आरशात दिसत नाहीत: डोळ्यातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी आणि डोळ्याचा दाब. थेंब किती, किती दिवस, हे सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

पेशी म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. जुन्या वाड्यात माजघरात कवडसा पडला की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एरवी तीच हवा अगदी स्वच्छ वाटते. स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवून बसवतात तेव्हा डॉक्टर नेमकं हेच करतात. खोलीत अंधार करून १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तिरका सोडायचा आणि बुबुळाच्या मागच्या पाण्यात त्या झोतात किती पांढऱ्या पेशी तरंगतायत ते मोजायचं. १ ते ५ दिसल्या तर अर्धा प्लस, ६ ते १५ म्हणजे १ प्लस, १६ ते २५ म्हणजे २ प्लस, २६ ते ५० म्हणजे ३ प्लस, पन्नासच्या वर ४ प्लस. निरोगी डोळ्यात झोत काळा, रिकामा दिसतो. बहिणीच्या केसपेपरवर 'एसी सेल्स'च्या पुढे असा आकडा लिहिलेला असेल. तो पाहा, कारण तिच्या आजाराचं खरं माप तेच आहे.

डोळ्याची लाली बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे येते. स्टिरॉइडने त्या वाहिन्या दोन-चार दिवसांत आकसतात, डोळा पांढरा दिसतो, उजेड टोचायचा थांबतो. आतल्या पेशी मात्र सावकाश जातात. ३ प्लसवरून शून्यावर यायला कित्येकदा दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आज, सहाव्या दिवशी, आरशात डोळा बरा दिसत असताना आत १ प्लस पेशी असणं अगदी शक्य आहे. या टप्प्यावर औषध सोडलं तर सूज उसळून येते आणि दुसऱ्या खेपेला ती आवरायला आधीपेक्षा जास्त थेंब लागतात. मेडिकलवाल्यांचा हेतू चांगलाच असतो, पण काउंटरच्या पलीकडून पेशी दिसत नाहीत.

आता प्रेडनिसोलोनकडून डायफ्लुप्रेडनेटकडे येण्याबद्दल. टक्केवारी पाहून बहुतेकांची फसगत होते: १ टक्का मोठा, ०.०५ टक्के त्याच्या वीसपट लहान, तेही चारदाच. पण टक्केवारी फक्त बाटलीत औषध किती ते सांगते, ते किती जोरकस आहे ते सांगत नाही. डायफ्लुप्रेडनेट हे प्रेडनिसोलोनच्याच रेणूत फेरफार करून तयार केलेलं औषध आहे. सहाव्या आणि नवव्या कार्बनवर फ्लोरिनचा एकेक अणू बसवला, त्याने जोर वाढला. सतराव्या कार्बनवर ब्युटिरेट जोडलं, त्याने पेशीतल्या स्टिरॉइड रिसेप्टरला ते घट्ट धरतं. एकविसाव्यावर अ‍ॅसिटेट जोडलं, त्यामुळे ते बुबुळाच्या स्निग्ध थरातून चटकन आत शिरतं. आत गेल्यावर अ‍ॅसिटेटचा तुकडा गळून पडतो आणि जे उरतं तेच मुख्य काम करतं. जपानमध्ये हे औषध आधी त्वचेच्या मलमात वापरात होतं. डोळ्याच्या थेंबांना अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, आधी ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी आणि पुढे अशा युव्हायटिससाठीही. अँटिरिअर युव्हायटिसमध्ये दोन्ही औषधांची तुलना झाली तेव्हा डायफ्लुप्रेडनेट दिवसातून ४ वेळा आणि प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट ८ वेळा असं दिलं होतं, आणि ४ वेळा दिलेलं औषध कुठेही कमी पडलं नाही. तेव्हा बहिणीचा डोस उतरवलेला नाही. पेशी हव्या तशा उतरत नव्हत्या किंवा दर तासाचे थेंब नोकरी सांभाळून जमत नव्हते, यांपैकी काहीतरी पाहून डॉक्टरांनी जोरकस औषध निवडलं असणार. दोन्ही कारणं रास्त आहेत.

दुसरा फरक बाटलीतल्या द्रवाचा आहे आणि व्यवहारात मला तो रेणूच्या फरकाइतकाच मोठा वाटतो. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. बाटली तासभर उभी राहिली की चुना खाली बसावा तसं औषध तळाला बसतं. न हलवता थेंब टाकला तर वरचं जवळजवळ नुसतं पाणी डोळ्यात जातं आणि बाटली संपत आली की घट्ट, दाट थेंब पडतात. ही बाटली दर वेळी चांगली दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायची असते. घरोघरी लोक दोनदा हिसका देतात आणि थेंब टाकतात. "औषध लागू पडत नाही" अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. डायफ्लुप्रेडनेटचा थेंब दुधासारखा दिसतो. ते इमल्शन आहे. औषध एरंडेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवून ते थेंब पाण्यात मिसळलेले असतात. ते खाली बसत नाही, त्यामुळे पहिला थेंब आणि शेवटचा थेंब सारखाच असतो. दुधाळ दिसतं म्हणून 'खराब झालं' असं समजून फेकू नका. फाटलेल्या दुधासारखे पाणी आणि गुठळ्या वेगळ्या दिसल्या तर मात्र ती बाटली वापरायची नाही.

थेंब घालण्याची पद्धत जरा सविस्तर सांगतो. हात साबणाने धुवा. आडवं व्हा किंवा मान मागे टाकून छताकडे पाहा. तर्जनीने खालची पापणी हलकेच खाली ओढली की आत एक लहानशी खोळ तयार होते. थेंब त्या खोळीत पडायला हवा, बुबुळावर नेम धरायचा नाही; बुबुळावर पडला की डोळा झटक्याने मिटतो आणि औषध गालावर येतं. बाटलीचं टोक पापण्यांना, केसांना, बोटाला लागता कामा नये. थेंब एकच. बाटलीचा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्याच्या त्या खोळीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं. दुसरा थेंब म्हणजे पैसे गालावर. थेंब पडला की डोळा अलगद मिटा, गच्च नको, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे पापण्या मिळतात तिथे, बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. अश्रू नाकात उतरण्याचं भोक तिथेच असतं. ते दाबलं नाही तर औषध नाकातून घशात जातं. थेंब घातल्यावर घशात कडवट चव येत असेल तर दाबण्याची जागा चुकतेय असं समजा.

दुसरं औषधही असणार, बहुधा होमाट्रोपिन किंवा अ‍ॅट्रोपिन. दोन थेंबांमध्ये किमान ५ मिनिटं, शक्यतो १० मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. पाण्यासारखं पातळ औषध आधी, दुधाळ नंतर, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाहुली मोठी करणारा तो थेंब 'दुय्यम' समजून बरेच जण परस्पर सोडून देतात, कारण त्याने जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यात भसकन येतो. सोडू नका. आत सूज असताना बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते. ती चिकटली की बाहुली वाकडीतिकडी होते आणि चिकटण पूर्ण गोल झाली तर आतलं पाणी अडून दाब एकदम चढतो. बाहुली रुंद ठेवली की कड भिंगापासून दूर राहते आणि आतला स्नायू सैल पडल्याने ठणकाही थांबतो. हे थेंब चालू असेपर्यंत बहिणीने सिंहगड रोडच्या गर्दीत दुचाकी चालवू नये. अंतराचा अंदाज चुकतो आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात.

आता थेंबांचा हिशोब, कारण नेमका औषध उतरवण्याच्या काळात बाटली संपते आणि कोर्स तिथेच तुटतो. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरा, म्हणजे ५ मिलिलिटरच्या बाटलीत शंभरच्या आसपास. तिच्या चिठ्ठीप्रमाणे १४ दिवस चारदा म्हणजे ५६, मग २१, मग १४, मग ७, एकूण ९८. एकही थेंब वाया गेला नाही तरच एक बाटली पुरेल, आणि थेंब वाया जातातच. शिवाय कोर्स ३५ दिवसांचा आहे आणि उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. तेव्हा चौथा आठवडा लागायच्या आत दुसरी बाटली आणून ठेवा. झाकण उघडलं त्या दिवशी खोक्यावर तारीख लिहायची सवय लावा.

साठवण. मूळ उत्पादनाच्या लेबलवर १५ ते २५ अंश, उजेडापासून दूर, खोक्यातच ठेवा, गोठवू नका, असं आहे. तुमच्या बाटलीवर जे छापलंय ते पाळा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला टेकतो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त तापतं. इमल्शन अशा तापात फुटतं. ऑफिसला नेताना बाटली डिकीत ठेवू नका, खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. घरात सगळ्यात थंड, अंधारं कपाट निवडा.

आईची बाटली याच कारणासाठी नको. ती उघडून महिना उलटून गेलाय, ती कुठल्या तापमानात राहिली ठाऊक नाही आणि टोक कधी पापणीला लागलं असेल तर त्यात जंतू असू शकतात. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं, म्हणजे जंतूंना रान मोकळं. अर्ध्या बाटलीचे पैसे वाचवण्यात राम नाही.

आता दाब. निरोगी डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतं, त्या जाळीत स्टिरॉइडमुळे नको ते द्रव्य साचतं आणि तिच्या पेशी ताठर होतात. पाणी तयार होण्याचा वेग तोच, निचरा मंद, दाब चढतो. १९६० च्या दशकात निरोगी लोकांना डेक्सामेथासोन ०.१ टक्क्याचे थेंब चार आठवडे देऊन पाहिलं गेलं, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाचा दाब मध्यम वाढला आणि शंभरात चार ते सहा जणांचा १५ मिलिमीटरपेक्षाही जास्त वाढला. एकाच औषधाने एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा दाब ४० वर जातो. हे आधी ओळखण्याची खात्रीची युक्ती नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या आईवडील-भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांचा चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, ज्यांना मधुमेह आहे आणि जी लहान मुलं आहेत, त्यांच्यात धोका जास्त. आईला मोतीबिंदू होता की काचबिंदूही होता, हे बहिणीने डॉक्टरांना आठवणीने सांगावं. घरात हे दोन शब्द फार सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

जितकं औषध जोरकस आणि आत शिरणारं, तितका दाबाचा धोका मोठा, आणि डायफ्लुप्रेडनेट या बाबतीत वरच्या पायरीवर आहे. इतर स्टिरॉइडने दाब बहुधा दोन ते सहा आठवड्यांत वाढतो. याने काहींचा आठ-दहा दिवसांतही वाढलेला दिसतो, मुलांमध्ये तर आणखी लवकर आणि जास्त. लेबलच सांगतं की १० दिवस किंवा त्याहून जास्त वापर असेल तर दाब तपासत राहा, आणि २८ दिवसांच्या पुढे औषध लिहायचं तर स्लिट लॅम्पवर डोळा पुन्हा पाहूनच लिहा. बहिणीच्या बाबतीत म्हणजे दुसरा आठवडा संपताना एकदा आणि चौथा आठवडा संपताना एकदा दाब मोजलाच पाहिजे. हवेचा फुस्स करणारा जो तपास असतो, तो चाळणीसाठी ठीक आहे. पण आकडा जास्त आला तर पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात, बुबुळाला टेकवून मोजतात त्या पद्धतीने पक्का करून घ्या.

एक बारीक गोष्ट माहीत असू द्या, कारण तिच्यामुळे फार गोंधळ होतो. सूज जोरात असताना डोळ्यातलं पाणी बनवणारा भागही आजारी असतो, पाणी कमी बनतं, म्हणून पहिल्या दिवशीचा दाब कित्येकदा ८-९ असा कमी भरतो. सूज उतरली की तो भाग पुन्हा कामाला लागतो आणि दाब १६-१७ होतो. 'दुप्पट झाला' म्हणून घाबरू नका. तो डोळा पूर्वपदावर येतोय. दुसऱ्या, निरोगी डोळ्याचा आकडा शेजारी लिहिलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहा.

आणि समजा दाब २८-३० भरला, तरीही थेंब मनाने बंद करायचे नाहीत. आत पेशी अजून असतील तर डॉक्टर स्टिरॉइड चालू ठेवून दाब उतरवणारा थेंब जोडतात: टिमोलॉल ०.५ टक्के, डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन यांपैकी काही. बहिणीला दमा असेल तर तो इथे न विसरता सांगायचा, कारण टिमोलॉलचा थेंबसुद्धा दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकतो. पेशी जवळजवळ गेल्या असतील तर लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुरोमेथोलोनसारख्या सौम्य औषधावर उतरवतात. लोटेप्रेडनॉलचा रेणू मुद्दाम असा रचलाय की काम झालं की डोळ्यातच तो तुटून निष्क्रिय होतो. म्हणून दाबाचा त्रास कमी, पण जोरही कमी. स्टिरॉइड थांबलं की वाढलेला दाब बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत खाली येतो. महिनोन्‌महिने वापर झाला असेल तर तो तसाच राहूही शकतो, आणि दाबाने मेलेली डोळ्याची नस परत येत नाही. दाब हळूहळू वाढतो तेव्हा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं दिसणंही बरेच महिने ठीक असतं. "काही त्रास नाही, मग कशाला जायचं?" हा विचार इथे घातक ठरतो. लांबलेल्या वापराने भिंगाच्या मागच्या थरात मोतीबिंदूही धरतो, तो उन्हात आणि समोरच्या दिव्यांत जास्त जाणवतो.

डोस टप्प्याटप्प्याने का उतरवायचा, तेही स्पष्ट करतो. स्टिरॉइडच्या गोळ्या लांब काळ घेतल्या तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावतं, म्हणून त्या एकदम सोडता येत नाहीत. थेंबांत ही अडचण सहसा येत नाही. थेंब हळूहळू उतरवायचे ते सूज परत उसळू नये म्हणून. प्रत्येक पायरीवर आत शांतता टिकते का ते पाहायचं. चारचे तीन केल्यावर पेशी पुन्हा दिसल्या तर एक पायरी मागे जायचं. म्हणून चिठ्ठीवरचं वेळापत्रक हा अंदाज आहे, तपासणीत तो बदलू शकतो. 'डॉक्टर सारखं बदलतात' असं त्यावरून ठरवू नका. एखादा थेंब चुकला तर आठवल्याबरोबर घाला, पुढच्या वेळी दोन घालू नका. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र आजार पूर्ण आवरेपर्यंत डबीतच राहू द्या.

आता या औषधाची दुसरी बाजू, कारण बाटली घरात राहिली की ती फिरते. आईची बहिणीला, बहिणीची शेजारच्या मुलाला. पावसाळ्यात पुण्यात डोळ्यांची साथ येते. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत शेकडो शाळकरी मुलांचे डोळे आले होते ते आठवत असेल. अशी साथ बहुधा विषाणूची असते आणि एक-दोन आठवड्यांत आपली आपण ओसरते. त्यात स्टिरॉइड टाकलं की लाली पटकन जाते, घरच्यांना गुण आल्यासारखं वाटतं, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस टिकतो आणि मूल जास्त दिवस दुसऱ्यांना लावत राहतं. साथीत बुबुळावर डाग उमटून नजर धूसर झाली तर डॉक्टर नंतर बेताने स्टिरॉइड देतात; तो निर्णय डोळा तपासूनच होतो.

याहून वाईट प्रकार शेतातला. दौंड, शिरूर, बारामतीकडे उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी शिरते. दोन-तीन दिवसांत डोळा लाल, ठणका, बुबुळावर करडा-पांढरा ठिपका आणि त्याच्या कडा पिसासारख्या. गावातल्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेला थेंब आणला की आधी एक-दोन दिवस ठणका कमी होतो आणि तोच काळ बुरशी बुबुळात खोल उतरण्याचा. बुरशीला नॅटामायसिन ५ टक्क्यासारखं औषध लागतं आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. बुबुळाच्या वरच्या थरातल्या नागिणीच्या भावकीतल्या हर्पिसच्या जखमेतही असंच होतं. फ्लुरोसीनचा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं की झाडाच्या फांदीसारखी हिरवी रेघ उजळते. स्टिरॉइडने ती फांदी पसरून नकाशासारखी होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे 'लाल डोळे'च दिसतात. म्हणूनच पहिला थेंब टाकायच्या आधी रंग टाकून बुबुळ पाहणं भागच आहे.

उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या लहान मुलांच्या आयांना कळकळीने सांगणं आहे. अ‍ॅलर्जीच्या खाजेवर स्टिरॉइडचा थेंब जादूसारखा लागू पडतो, म्हणून तीच बाटली दर मार्चला परत आणली जाते, चिठ्ठी न दाखवता. दोन-तीन वर्षांनी मूल शाळेत फळा दिसत नाही म्हणतं तेव्हा दाबाने नस गेलेली असते. त्या खाजेला थंड पाण्याच्या पट्ट्या, ओलोपॅटाडिनसारखे थेंब, जास्त त्रास असेल तर टॅक्रोलिमसचं मलम असे मार्ग आहेत. स्टिरॉइड लागलंच तर थोडे दिवस, सौम्य आणि दाब मोजत. डायफ्लुप्रेडनेट या कामाचं औषध नाही. बाटलीवरचं नाव वाचायला शिका: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यांपैकी काहीही छापलं असेल, मग शेजारी कुठल्याही अँटिबायोटिकचं नाव असो, ते स्टिरॉइड आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

राहिला आजाराच्या मुळाचा प्रश्न. पहिलाच झटका, एकाच डोळ्यात आणि सौम्य असेल तर पुष्कळदा जास्त तपासण्या करत नाहीत. दुसऱ्यांदा आला, दोन्ही डोळ्यांत आला किंवा पेशींचे गठ्ठे बुबुळाच्या मागे मेणाच्या थेंबांसारखे चिकटलेले दिसले, तर क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे, सिफिलिसची रक्ततपासणी आणि एचएलए-बी२७ (अशा सुजेशी नातं असलेल्या एका जनुकाची रक्ततपासणी) सांगतात. आपल्याकडे क्षयाचा विचार टाळून चालत नाही. बहिणीला सकाळी उठल्यावर कंबर आखडते आणि तासाभराने, हालचाल केल्यावर सैल होते, असं होत असेल तर ते आवर्जून सांगावं. मणक्याच्या एका संधिवाताचं आणि या सुजेचं जवळचं नातं आहे. थेंब डोळ्याच्या पुढच्या भागातच पोचतात. पडद्यावर किंवा मागच्या जेलीत सूज असेल तर थेंबांनी काम भागत नाही. गोळ्या, डोळ्याच्या बाजूला किंवा आत इंजेक्शन, असे मार्ग लागतात. सारखे झटके येत राहिले तर मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाने स्टिरॉइडची गरजच कमी करतात.

मधल्या काळात पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवायचा असे प्रसंग: दुखणं परत सुरू होऊन वाढत गेलं, नजर उतरली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि सोबत डोकं दुखून उलटी झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा चिकट पिवळा स्राव यायला लागला. रात्र असेल तर थेट मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात जा आणि 'युव्हायटिस आहे, डायफ्लुप्रेडनेट चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.

पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही बाटल्या खोक्यांसकट न्या, कारण नावं सारखी वाटतात आणि तोंडी सांगताना चुकतात. थेंब खरोखर किती वेळा घातले ते खरं सांगा. चारऐवजी दोनच जमले असतील तर तसं सांगायला संकोच करू नका, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर आणखी जोरकस उपचाराकडे जातील. निघताना केसपेपरवर तीन आकडे लिहून घ्या: डाव्या डोळ्यातल्या पेशी, डाव्याचा दाब, उजव्याचा दाब. मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी हा त्रास परत आला आणि बहीण दुसऱ्या गावी असली, तर तिथल्या डॉक्टरांना त्या आकड्यांवरून पहिल्या दिवशीच कळेल की या डोळ्याला कुठलं स्टिरॉइड मानवलं आणि दाब कशाने चढला.